समासातलं प्रश्नचिन्ह

लहानपणी ज्यानं आपल्याला घडवलं त्या माणसाचे आभार मानायला बसलं की एक अडचण येते, आणि ती शब्दांची नसते. ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे ती त्या माणसाच्या लक्षात असेलच असं नाही. बहुधा नसतेच. त्याला आठवतं ते शिकवून शिकवलेलं: धडे, घोकंपट्टी, परीक्षेच्या आधीची रागवारागवी. आपल्या अंगात मुरलेलं असतं ते भलतंच काहीतरी. दोन कामांच्या मधे त्यानं सहज केलेलं, आपल्याकडे त्याचं लक्षसुद्धा नसताना. म्हणून आभाराच्या पत्राकडे मी हल्ली बातमी कळवायचं पत्र म्हणून बघते. तुमच्या हातून अमुक एक घडलं, तुम्हाला ठाऊक नसेल, पण घडलं. ही बातमी जगात फक्त आपल्याकडे असते. आपण कळवली नाही तर दुसरं कुणी कळवायला नाही.

रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस दुसऱ्या शतकात स्वतःपुरती काही टिपणं ग्रीक भाषेत लिहीत असे. आज ती पुस्तकरूपात मिळतात, आणि त्या पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे निव्वळ ऋणांची यादी आहे. सतरा परिच्छेद. आजोबा, वडील, आई, शिक्षक, स्नेही आणि सगळ्यात शेवटी देव. अवाढव्य साम्राज्याचा हा धनी कुणाकडून काय घेतलं ते कसं लिहितो ते बघण्यासारखं आहे. रस्टिकस या शिक्षकाकडून काय मिळालं? लक्ष देऊन वाचायचं, वरवर कळल्यावर समाधान मानायचं नाही. शिवाय त्यानं एपिक्टेटस या तत्त्वज्ञाच्या विचारांची स्वतःजवळची प्रत वाचायला दिली, हेही आठवणीनं नोंदलेलं. अलेक्झांडर नावाच्या आणखी एकाकडून घेतलं ते असं की, गरज नसताना सारखं 'मला वेळ नाही' म्हणायचं नाही. मला सगळ्यांत आवडतो तो व्याकरणाचा शिक्षक, त्याचंही नाव अलेक्झांडरच. त्याच्याकडून मार्कस शिकला ते व्याकरण नव्हे. कुणी बोलताना चुकीचा शब्द वापरला तर त्याला टोकायचं नाही, उत्तर देताना योग्य शब्द आपणच सहज वापरून मोकळं व्हायचं, हे तो शिकला. त्या बिचाऱ्या अलेक्झांडरनं वर्षानुवर्षं विभक्त्या आणि धातू घोकून घेतले असतील. शिष्याच्या वहीत उरलं ते त्याचं वागणं.

आपल्याकडे गुरूचं ऋण सांगायची भाषा फार मोठी आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास गीतेवरची टीका सांगितली. थोरला भाऊ निवृत्तिनाथ हाच त्यांचा गुरू, आणि अध्याय संपवताना ते स्वतःला निवृत्तीचा दास म्हणवून घेतात. पुढच्या अध्यायांच्या आरंभी गुरूच्या स्तवनात ते इतके रंगतात की गीता थोडा वेळ बाजूला थांबते. ते त्यांना शोभतं. त्यांच्याकडे सांगायला तेवढं होतं आणि सांगायची ताकदही होती. पंचाईत आपली होते. ती उंचीची भाषा आपण उसनी आणतो आणि निरोप समारंभाच्या भाषणात सगळे सर, सगळ्या बाई एकदम दीपस्तंभ होऊन बसतात. परीस, शिल्पकार, वटवृक्ष हे शब्द कुणालाही बसतात, म्हणून ते कुणाचेच नसतात. मी एक साधी कसोटी लावते. पत्रातलं नाव खोडून तिथं दुसऱ्या कुणाचंही घातलं आणि पत्र तसंच्या तसं चाललं, तर ते अजून लिहून व्हायचं आहे.

माझे जे गुरू त्यांना सगळे आप्पा म्हणत. ते शिक्षक नव्हते. एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम करत. तेव्हा अक्षरांचे खिळे हातानं जुळवले जात. जुळारी उभ्यानं काम करत, आणि जुळवलेल्या मजकुराचा ओला, शाईनं मळलेला कागद आप्पांच्या टेबलावर येऊन पडे. हस्तलिखिताशी तो ताडून बघायला दोन माणसं लागत: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. आप्पांचा वाचणारा काम सोडून गेला होता. माझी शाळेची मोठी सुट्टी सुरू होती, आवाज खणखणीत होता आणि वडिलांची तिथं ओळख होती. एवढ्या भांडवलावर मला त्या टेबलाशी बसवण्यात आलं.

प्रुफासाठी वाचणं म्हणजे गोष्ट वाचणं नव्हे. त्यात सगळं वाचावं लागतं. 'स्वल्पविराम', 'अवतरण सुरू', 'अवतरण पूर्ण', 'नवा परिच्छेद'. शंकेची जागा आली की 'दुसरी वेलांटी', 'पहिला उकार'. पहिले काही दिवस मला ती गंमत वाटली, मग कंटाळा आला, आणि मग केव्हातरी त्याचा अर्थ लागायला लागला. आप्पा कागदावर एक जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवत. तपासायची ओळ सोडून खालचं सगळं झाकलेलं. डोळा पुढे पळतो, म्हणायचे, आणि पळता पळता नसलेलं वाचून मोकळा होतो. जे छापलंय ते वाच, जे असायला हवं ते वाचू नकोस. मनाला पुढचा शब्द आधीच ठाऊक असतो म्हणून चूक दिसत नाही, हे त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. वर्षानुवर्षं रोज अनुभवलं होतं. शेवटच्या फेरीला तर ते पान उलट वाचत, खालून वर, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे मजकुराच्या ओघात वाहून जायला नको.

आणखीही पुष्कळ होतं. एका फेरीत एकच गोष्ट बघायची. आकडे आणि विशेषनामं यांची फेरी वेगळी, पानांच्या क्रमांकांची वेगळी. सगळ्यात मोठी चूक सगळ्यात मोठ्या अक्षरांत सापडते, कारण शीर्षक कुणी तपासतच नाही, सगळ्यांना वाटतं ते बरोबरच असणार. शाबासकीचा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. सुट्टीच्या शेवटी शेवटी एकदा म्हणाले, "उद्यापासून शीर्षकंही तू बघ." एवढंच. पण त्या टेबलाशी जो बसला असेल त्याला कळेल की याहून मोठं काही मिळायचं नव्हतं.

यातलं सगळं पुढं उपयोगाला आलं. तरी घडवलं मात्र आणखी दोन गोष्टींनी, असं मी म्हणेन.

पहिली गोष्ट समासाची. लेखकाचं काही चुकलंय असं वाटलं तरी आप्पा मजकुराला हात लावत नसत. जुळाऱ्याची चूक शाईनं दुरुस्त करायची, लेखकाबद्दलची शंका शिसपेन्सिलीनं समासात लिहायची, आणि तीही किती? त्या ओळीसमोर एक छोटं प्रश्नचिन्ह. बस्स. मी एकदा एका लेखकाच्या सनावळीसमोर ठळक अक्षरांत 'चूक' असं लिहिलं होतं. आप्पांनी खोडरबर पुढं सरकवलं. "त्याला काहीतरी माहीत असेल जे आपल्याला नाही. आपण विचारायचं. सांगायचं त्यानं." त्या वयात माझी समजूत अशी होती की चूक पकडणं म्हणजे हुशारी. चूक असेल तरीही समोरच्याला बोलायला जागा ठेवायची असते हे मला त्या इवल्याशा चिन्हानं दाखवलं.

दुसरी गोष्ट शब्दकोशाची. एके दिवशी छापखान्याचे मालक टेबलापाशी येऊन उभे राहिले. फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, मशीनवर चढायचा होता, माणसं खोळंबली होती, आणि आप्पा एका शब्दावर अडले होते. शब्द साधा होता, शाळकरी मुलालाही यावा असा. मालक म्हणाले, "अहो, तुम्हाला ठाऊक नाही असं होईल का? लिहा काहीतरी आणि सोडा." आप्पा म्हणाले, "ठाऊक नाही." आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत, न घाईनं, जाडजूड कोश ओढून पानं उलटायला सुरुवात केली. मालक उभे, मशीनवाला उभा, मी टेबलाला टेकून बघतेय. शब्द सापडला, दुरुस्ती झाली, कागद गेला. आप्पांनी पुढचं प्रूफ ओढलं.

शाळेत मला जे दिसत होतं ते याच्या बरोबर उलट. तिथं न येणं ही लाजेची गोष्ट होती आणि मोठ्या माणसांना तर सगळं यायलाच हवं होतं. एखाद्या प्रश्नाला उत्तर आलं नाही की रागावून वेळ मारून नेणारी मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. इथं एक पिकल्या केसांचा माणूस, ज्याला सगळे भाषेतला अधिकारी मानतात, चारचौघांत 'ठाऊक नाही' म्हणाला आणि त्याचं काहीही बिघडलं नाही. त्याचा मान तसूभरही कमी झाला नाही. मला वाटतं, माझ्या शिक्षणाला खरी सुरुवात तिथं झाली.

पुढं मी छपाईच्या किंवा पुस्तकांच्या वाटेला गेले नाही. हिशेब तपासनीस झाले. पण टेबल तेच आहे असं मला अनेकदा वाटतं. व्हाउचर समोर, खातेवही शेजारी, आणि जे असायला हवं ते न वाचता जे लिहिलंय ते वाचायचं. आमच्याकडे कुणाच्या हिशेबात काही खटकलं तर पहिल्या दिवशी ठपका ठेवायचा नसतो, क्वेरी काढायची असते. म्हणजे समासातलं प्रश्नचिन्हच. नव्यानं कामाला लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात क्वेरीच्या जागी निकाल लिहितात. मी खोडरबर पुढं सरकवत नाही, आता सगळं संगणकावर असतं. पण वाक्य तेच बोलते. ते वाक्य कुणाचं हे त्यांना ठाऊक नाही.

हे सगळं आप्पांना कळवावं असं मनात आलं तेव्हा ते बरेच थकले होते, मुलाकडे राहत होते. मी पत्र लिहायला घेतलं आणि पहिला मसुदा शिल्पकारापाशीच जाऊन पोचला. फाडला. मग आणखी एक भीती उभी राहिली. इतक्या वर्षांनी एकदम असं लिहिणं त्यांना विचित्र वाटेल का? आपलं लिहिणं नाटकी होईल का? आणि प्रुफं तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे वेलांट्यांचं भय वेगळंच.

ही भीती माझ्या एकटीची नाही हे पुढं एका अभ्यासात वाचलं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना त्यांनी आयुष्यात उपयोगी पडलेल्या कुणालातरी आभाराचं पत्र लिहायला लावलं, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला, आणि मग पत्र मिळालेल्या माणसांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांचे अंदाज एकाच दिशेनं चुकले होते. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं होतं त्याहून ते फार कमी झालं. आश्चर्य आणि आनंद मात्र त्यांनी धरला होता त्यापेक्षा जास्त झाला. लिहिणाऱ्याला काळजी शब्द नीट जमतील का याची असते. वाचणारा ते बघतच नाही, त्याला त्यातला जिव्हाळा पोचतो. त्या आश्चर्याचं कारण मला ठाऊक आहे असं मला वाटतं. त्यांना ती बातमी खरोखरच नवी होती.

(असं पत्र लिहून ते स्वतः नेऊन दिलं तर लिहिणाऱ्याचं मन महिनाभर प्रसन्न राहतं, असंही मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. राहत असेल. पण आपल्या गुरूचे आभार स्वतःच्या प्रकृतीसाठी काढा म्हणून घ्यायचे, ही कल्पना मला काही रुचत नाही.)

शेवटी मी ती दोन प्रकरणं लिहिली, समासाचं आणि कोशाचं. मालक कुठे उभे होते, कोश कसा ओढला, 'ठाऊक नाही' हे दोनच शब्द कसे म्हटले. विशेषणं काढून टाकली. सही करून पाठवलं.

उत्तर आलं ते माझ्याच पत्राच्या झेरॉक्सवर. वेलांट्या त्यांनी तपासल्या होत्या की नाही कोण जाणे, एकही खूण नव्हती. फक्त कोशाच्या परिच्छेदासमोर, समासात, शिसपेन्सिलीनं एक छोटं प्रश्नचिन्ह. मागच्या बाजूला थरथरत्या अक्षरांत काही ओळी. हा प्रसंग मला आठवत नाही. तो मीच होतो का? दुसऱ्या टेबलावर आणखी एक गृहस्थ बसत, तू त्यांची आठवण माझ्या नावावर तर जमा केली नाहीस ना? आणि समजा मी असलो, तर मला तो शब्द येत नसेल म्हणून कोश उघडला असेल. त्यात शिकवण्यासारखं काय आहे? पुढं त्यांना आठवत होतं ते वेगळंच: तू 'अवतरण पूर्ण' इतक्या ठसक्यात म्हणायचीस की जुळारी काम थांबवून हसायचे. अजून म्हणतेस का?

पत्र वाचून मी हसले आणि मग बराच वेळ विचार करत बसले. त्यांचं म्हणणं खरंच होतं. ते शिकवत नव्हतेच. मी तिथं बसलेय याचंही त्यांना त्या क्षणी भान नसेल. मग आभार कशाचे? हेतू नव्हता, प्रयत्न नव्हते, आठवणही नाही. एखाद्या काटेकोर माणसानं म्हणावं की हे देणं वहीत धरताच येणार नाही. पण मला वाटतं उलटं आहे. माझ्यासाठी म्हणून त्यांनी तो कोश उघडला असता तर मला एका शब्दाची वेलांटी कळली असती. कुणी बघत असो वा नसो ते तसंच वागले असते, म्हणून मला माणूस कसा असू शकतो ते कळलं. मुलांच्या डोळ्यांना हा फरक बरोबर दिसतो.

फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू याची आणि त्याच्या शाळेतल्या शिक्षकाची पत्रं याच अंगानं मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. काम्यू १९१३ चा, अल्जीरियातला. वडील पहिल्या महायुद्धात १९१४ मध्येच गेले. आई निरक्षर, ऐकूही कमी यायचं, लोकांच्या घरची धुणीपुसणी करायची. लुई जेर्मां या प्राथमिक शिक्षकानं हा मुलगा हेरला, त्याला फुकट जादा शिकवलं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायला घरच्यांना राजी केलं. नाहीतर तो कामाला लागला असता आणि गोष्ट तिथं संपली असती. १९५७ मध्ये काम्यूला साहित्याचं नोबेल जाहीर झालं. गडबड थोडी निवू दिली आणि १९ नोव्हेंबरला त्यानं जेर्मांना लिहिलं की, बातमी कळली तेव्हा आईनंतर पहिला विचार मनात आला तो तुमचा. छोटंसं पत्र आहे, एक-दोन परिच्छेदांचं. ते आता जगभर माहीत आहे.

मला त्याहून जास्त मोलाचं वाटतं ते जेर्मांचं १९५९ च्या एप्रिलमधलं लांबलचक पत्र. त्यात म्हातारे गुरुजी या जगप्रसिद्ध लेखकाला अजून आपला छोटा काम्यूच मानतात. आणि ओघात एक गोष्ट सांगून जातात: तुझ्या घरची खरी परिस्थिती मला तेव्हा कळलीच नव्हती. तू वर्गात इतका खुशीत असायचास की मला शंकाही आली नाही. तुझी आई शिष्यवृत्तीच्या संदर्भात भेटायला आली तेव्हा कुठं थोडं लक्षात आलं. म्हणजे ज्या दारिद्र्यातून त्यांनी मुलाला बाहेर काढलं, त्याची खोली काढणाऱ्यालाच ठाऊक नव्हती! एका चांगल्या शिक्षकानं हुशार मुलासाठी जे करावं ते त्यांनी केलं. त्याचा अर्थ काय झाला ते शिष्यानं कळवलं तेव्हा समजलं.

त्या पत्रव्यवहारात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ४ जानेवारी १९६० ला काम्यू मोटार अपघातात गेला, सेहेचाळिसाव्या वर्षी. म्हातारे गुरुजी मागं राहिले. 'ते असेपर्यंत लिहून टाक' असं आपण एकमेकांना सांगतो तेव्हा हिशेब नेहमी गुरूच्या वयाचा करतो. पत्र लिहिणाऱ्यालाही वय असतं.

आता न मिळालेल्या शाबासकीबद्दल. सचिन तेंडुलकरचं १६ नोव्हेंबर २०१३ चं वानखेडेवरचं निरोपाचं भाषण मराठी माणसाला जवळजवळ पाठ आहे. अकराव्या वर्षी भाऊ त्याला रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला, सर त्याला स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, हे सगळं त्यात होतं. आणि मग तो म्हणाला की एकोणतीस वर्षांत सरांनी मला कधी 'चांगला खेळलास' म्हटलं नाही, मी सैलावेन म्हणून. आता मात्र त्यांनी म्हणायला हरकत नाही, आता एकही सामना उरलेला नाही. लोक इथं डोळे पुसतात. मीही पुसले. पण त्यातून 'मुलांचं कौतुक करू नये' असा धडा काढणारे भेटतात तेव्हा मला त्यांचा राग येतो. आचरेकरांनी शाबासकीच्या जागी काय दिलं ते बघा: सकाळ-संध्याकाळ, स्वतःचा वेळ, मैदानामागून मैदान. यष्टीवर ठेवलेलं नाणं. मुलगा सरावाचं पूर्ण सत्र नाबाद राहिला तर नाणं त्याचं. एवढं सगळं जो देतो त्याला शब्द राखून ठेवायचा अधिकार आहे. नुसताच शब्द राखून ठेवणारे पुष्कळ असतात.

आणि गुरूला बातमी कळवणं नेहमी सुखाचंच असतं असंही नाही. महाभारतात एकलव्य आहे. द्रोणांनी त्याला शिकवायला नकार दिला होता. त्यानं मातीचा पुतळा केला, त्याच्यासमोर अभ्यास केला आणि पुढं भेट झाली तेव्हा मोठ्या निष्ठेनं सांगितलं, मी तुमचा शिष्य. न शिकवताही आपल्यामुळं कुणीतरी शिकलं, ही याहून मोठी बातमी कुठल्या गुरूला मिळाली असेल? द्रोणांनी त्यावर उजव्या हाताचा अंगठा मागितला. अशी माणसं पुराणातच असतात असं नाही. आपण कृतज्ञता बोलून दाखवली की तिचं देणं करून टाकणारी, दर भेटीत थोडी थोडी वसूल करणारी, आपण वेगळ्या वाटेनं गेलो तर उलटलात म्हणणारी. अशांना सविस्तर पत्र लिहू नये. काय मिळालं ते आपल्याला ठाऊक असलं की पुरे.

आप्पा त्या जातीचे नव्हते, पण त्यांच्यातही खोडी होत्या आणि त्या झाकायचं मला कारण दिसत नाही. चाळिशीच्या आत कुणी पुस्तक लिहू नये असं त्यांचं ठाम मत होतं आणि तरुण लेखकाच्या प्रुफांवर त्यांची पेन्सिल जरा जास्तच फिरे. उशिरा येणाऱ्या माणसाशी ते दिवसभर बोलत नसत. जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारणाऱ्या जुळाऱ्यांना ऐकू जाईल असं ते कुरकुरत. त्यांच्या खोडींसकटच मी त्यांची ऋणी आहे. खोडी वगळून जो उरेल त्याच्या टेबलाशी मी कधी बसलेच नव्हते.

बातमी पोचवायला माणूसच उरला नसेल तर? बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी प्रास्ताविक लिहिलं. बुद्धाकडे मी कसा वळलो हे सांगताना त्यांनी आठवण काढली ती शाळकरी वयाची. कृष्णाजी अर्जुन केळुसकर, ज्यांना ते दादा केळुसकर म्हणतात, यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. एका हुशार मुलाला एका वडीलधाऱ्या माणसानं दिलेलं पुस्तक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. केळुसकर १९३४ मध्येच गेले होते. आपल्या हातातून गेलेलं पुस्तक कुठवर पोचलं हे त्यांना कळायचं नव्हतं. पण बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलं, आणि ज्याला सांगायचं तो नाही म्हणून आपल्या सगळ्यांना सांगितलं. त्या प्रास्ताविकामुळं केळुसकरांचं नाव आज मला ठाऊक आहे. मोठा ग्रंथ, मोठा विषय, आणि त्यात एका भेटवस्तूला दिलेली जागा.

माझ्या बाबतीत ज्याला सांगायचं तो हयात होता आणि त्यानं शंका काढली होती. क्वेरी आली की तिला उत्तर द्यावं लागतं. हे मला त्यांनी शिकवलेलं आणि पुढं माझ्या धंद्यानं पक्कं केलेलं. 'नाही, तुम्हीच होतात' असं भावनेच्या भरात लिहून भागलं नसतं. आप्पांना पुरावा लागे. मी आठवून आठवून तपासलं आणि दुसरं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं की, आपण उल्लेख केलेले गृहस्थ दुसऱ्या टेबलावर बसत हे बरोबर आहे. परंतु त्यांच्याकडे शब्दकोश नव्हता. ते आपलाच मागून नेत आणि परत द्यायला विसरत, यावरून आपले आणि त्यांचे खटके उडत. ज्या अर्थी कोश आपल्या टेबलावरून ओढला गेला, त्या अर्थी तो आपणच. मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहिला आहे. बरोबर आहे, तसाच ठेवावा. आणि हो, 'अवतरण पूर्ण' मी अजून म्हणते, पण मनात.

यावर आप्पांचं एका ओळीचं उत्तर आलं. "मान्य. तो कोश शेवटी त्याच्याकडेच राहिला."